बंदरावरचा एक दिवस आणि हॉप-ऑन हॉप-ऑफ बस : क्रूझला निघालेल्या पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला बंदर नाही, पण क्रूझला निघालेल्यांची वानवाही नाही. निवृत्त जोडपी, एकाच सोसायटीतली चार कुटुंबं, आई-बाबांना घेऊन निघालेली मुलं. बुकिंग होईपर्यंत सगळ्यांचे प्रश्न केबिन, बाल्कनी आणि जेवणाचे असतात. पैसे भरून झाले की खरे प्रश्न सुरू होतात : जहाज बंदराला लागल्यावर शहर बघायचं कसं, आणि ती ‘हॉप-ऑन हॉप-ऑफ’ दुमजली बस घ्यायची का? फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. उदाहरणं बरीचशी भूमध्य समुद्रातल्या बंदरांची आहेत, कारण आमच्याकडून बुकिंग करून जाणारे बहुतेक लोक तिकडे नाहीतर सिंगापूरला जातात.

ही बस म्हणजे आपली ‘पुणे दर्शन’च ना?

नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. पीएमपीच्या पुणे दर्शनमध्ये तुम्ही सकाळी बसता, शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस अशा ठिकाणी उतरता, ‘पाऊण तासात परत या’ असं बजावलं जातं, आणि एखाद्या काकूंना उशीर झालाच तर कुरकुरत का होईना, बस त्यांच्यासाठी थांबते. हॉप-ऑन हॉप-ऑफ बस कोणासाठीही थांबत नाही. ती ठरलेल्या मार्गावर दिवसभर गोल फिरत असते. वाटेल त्या थांब्यावर उतरायचं, बघायचं, आणि मागून त्याच कंपनीची जी बस येईल ती पकडायची. दिवसभराचं एकच तिकीट. डोकी कोणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हा गोल मार्ग बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने जातो. एखादा थांबा मागे राहिला तर उलटी बस नसते. एक तर चालत मागे या, नाहीतर उरलेली सगळी फेरी पूर्ण करा. मोठ्या शहरात एक फेरी दोन तासांची असू शकते. शहरात चार दिवस मुक्काम असेल तर याचं काही वाटत नाही. बंदरावरच्या एका दिवसात मात्र हे दोन तास फार महाग पडतात.

जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ६ बंदरात आहे. म्हणजे दहा तास मिळणार ना?

कागदावर. प्रत्यक्षात सहाच्या आसपास. हिशेब असा :

८ वाजता जहाज धक्क्याला लागतं, पण स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय कोणाला उतरू देत नाहीत. त्यात जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट आधी सोडतात. तुम्ही खाली उतरेपर्यंत पावणेनऊ. मग बंदराच्या फाटकापर्यंत किंवा शहराच्या टोकापर्यंत नेणारी शटल बस, तिची रांग, आणि बसचा थांबा शोधणं. साडेनऊ झाले.

आता दुसऱ्या टोकाकडून मोजा. सुटायची वेळ ६ असली तरी ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर असायची वेळ साधारण अर्धा तास आधीची असते, काही वेळा तासभर आधीची. म्हणजे ५.३० धरा. आम्ही सगळ्यांना सांगतो, त्याच्याही एक तास आधी शिडीपाशी हजर राहा. म्हणजे ४.३०. त्यासाठी शहरातून निघायचं पावणेचारला.

साडेनऊ ते पावणेचार, सव्वासहा तास. त्यात जेवण, चहा, टॉयलेट, फोटो, आणि कोणाची तरी टोपी शोधणं. या वेळेत दोन ठिकाणं नीट बघून होतात, तिसरं बसमधून दिसतं. नकाशावर वीस थांबे छापलेले असतात म्हणून वीस बघायचे नसतात. बंदरावरच्या दिवसाचा बेत नेहमी उलटा, परतीच्या वेळेपासून मागे मोजत करा. बाकीचे प्रश्न बरेचसे यातूनच सुटतात.

घड्याळ जहाजाचं लावायचं की शहराचं?

जहाजाचं. दोन्ही वेळा बहुतेक सारख्याच असतात, पण काही मार्गांवर जहाज आपली वेळ बदलत नाही आणि मग तासाभराचा फरक पडतो. मोबाइल स्थानिक नेटवर्क पकडून आपोआप वेळ बदलतो, म्हणून त्या दिवशी मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि उतरताना शिडीपाशी लावलेल्या फलकावरच्या वेळेशी जुळवून घ्या. त्या फलकाचा फोटोही काढून ठेवा. ऑल अबोर्डची वेळ त्यावर मोठ्या अक्षरात असते.

उशीर झाला तर जहाज थांबेल ना? दहा मिनिटांचा तर प्रश्न.

जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा त्या लोकांना पुढच्या बंदरात पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. हॉप-ऑन हॉप-ऑफ बस ट्रॅफिकमध्ये अडकली, हे कारण तिथं चालत नाही. बंदराचं भाडं, पायलट बोट, पुढच्या बंदरातली ठरलेली जागा, सगळं वेळेला बांधलेलं असतं.

जहाज खरंच सुटलं तर धक्क्यावर जहाज कंपनीचा पोर्ट एजंट असतो. त्याचं नाव आणि फोन नंबर रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये छापलेला असतो. उतरण्याआधी तो भाग फोटो काढून जवळ ठेवा. पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. प्रवास विम्यात हा खर्च धरलेला आहे का, ते पुण्यातूनच वाचून निघा. ती बारीक अक्षरं वाचायला विमानात भरपूर वेळ मिळतो, पण तोवर विमा घेऊन झालेला असतो.

कुठल्या बंदरात ही बस घ्यावी आणि कुठल्या नाही?

सरसकट उत्तर नाही. बंदर शहरात आहे की शहर बंदरापासून दूर आहे, त्यावर सगळं अवलंबून. नेहमी विचारली जाणारी बंदरं घेऊ.

नेपल्स : घ्यायला हरकत नाही. जहाज अगदी शहराच्या दारात लागतं. बाहेर आलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला, आणि बस त्याच्याच बाजूला मिळते. शटलचा वेळ वाचतो. पोझिलिपोच्या बाजूला जाणाऱ्या मार्गावरून खाडी आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी छान दिसतात. पण पाँपे बघायचं असेल तर या बसच्या नादी लागू नका. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेलं ते शहर नेपल्सपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे, गारिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल जाते, आणि अवशेष बघायलाच तीन तास लागतात. एका दिवशी पाँपे आणि बस दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतील.

बार्सिलोना : घ्या, पण डोकं चालवून. खाली वेगळं लिहिलं आहे.

अथेन्स : जहाज पिरेयसला लागतं, तिथून अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन मंदिरांची टेकडी, दहा-बारा किलोमीटर. बस पिरेयसवरूनही मिळते, पण सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ती रखडते. पिरेयसहून मेट्रोची १ नंबरची लाइन थेट अ‍ॅक्रोपोलिसजवळच्या मोनास्तिराकी स्टेशनला जाते, जेमतेम अर्धा तास. हिंडू-फिरू शकणाऱ्यांनी मेट्रोने जावं आणि सकाळीच अ‍ॅक्रोपोलिस चढून घ्यावं. तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेची लाट आली की भर दुपारी काही तास अ‍ॅक्रोपोलिस बंदही ठेवतात. ज्यांना चढायचंच नाही, खालूनच बघायचं आहे, त्यांनी बस घ्यावी.

मार्सेय : क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच लांब, उत्तरेला. आधी शटलने व्हिअ पोर या जुन्या बंदरावर या. तिथून नोत्र-दाम द ला गार्दचं चर्च टेकडीवर आहे आणि बस वरपर्यंत जाते. गुडघ्यांचा विचार करता इथे ती वसूल होते. ज्यांना फक्त चर्चच बघायचं आहे त्यांच्यासाठी शहराची ६० नंबरची साधी बसही वर जाते, तिकीट कितीतरी स्वस्त.

रोम : जहाज रोमला लागत नाही, चिव्हितावेक्कियाला लागतं. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. लोकल ट्रेनने तासाहून थोडं जास्त. जाऊन-येऊन अडीच-तीन तास गेले, त्यात रोममध्ये पुन्हा दीड-दोन तासांची बसची फेरी? नको. व्हॅटिकन बघायचं असेल तर टेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊच नका, आधीच्या रोमा सान पिएत्रो स्टेशनवर उतरा. सेंट पीटर्स चर्च तिथून चालत जाण्यासारखं आहे. पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या ज्येष्ठांना मात्र या एका बंदरात आम्ही जहाजाची सहल घ्यायला सांगतो. महाग असते, पण परतीची ट्रेन रद्द झाली तर रक्तदाब जहाजवाल्यांचा वाढतो, तुमचा नाही.

लिव्होर्नो : फ्लॉरेन्स आणि पिसासाठीचं बंदर. पिसा जवळ, फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. एकच निवडा.

सँटोरिनी : या बसचा इथे संबंध नाही. जहाज समुद्रातच उभं राहतं, लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात, तिथून केबल कार किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. दिवसातला खरा वेळ परतीच्या केबल कारच्या रांगेत जातो. त्यासाठी तासभर बाजूला काढा.

पेनांग : स्वेटेनहॅम धक्का जॉर्जटाउनमध्येच आहे. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं जुनं शहर चालतच बघायचं. फोर्ट कॉर्नवॉलिस समोर, लिटल इंडिया दहा-पंधरा मिनिटांवर, तिथं शुद्ध शाकाहारी थाळी मिळते. जहाजावरच्या जेवणाला कंटाळलेल्यांचे चेहरे तिथं उजळतात. पेनांग हिलला जायचं असेल तर टॅक्सी सोपी.

पोर्ट क्लांग : क्वालालंपूर तिथून तासा-सव्वातासावर. चौघांनी मिळून दिवसभराची गाडी करा.

सिंगापूर : हे बहुतेकांचं सुरुवातीचं किंवा शेवटचं बंदर असतं. क्रूझच्या आधी-नंतर एक दिवस मुक्काम असेल तर बस मजेची आहे. नुसतं फिरायला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, जास्त वेगवान. मरीना बे क्रूझ सेंटरला मरीना साउथ पिअर हे स्टेशन लागूनच आहे.

बार्सिलोनात सग्रादा फामिलिया आणि पार्क ग्वेल, दोन्ही एका दिवसात होतील का?

होतील, तिकिटं आधी काढली असतील तर. दोन्हीकडे ठरावीक वेळेचं ऑनलाइन तिकीट लागतं. सग्रादा फामिलियाच्या दारात जाऊन तिकीट मिळेल या आशेवर बसलेले लोक बाहेरून फोटो काढून परततात. १८८२ मध्ये सुरू झालेलं हे चर्च आत गेल्याशिवाय बघितलं असं म्हणूच नये. खांब झाडांसारखे वर फुटत जातात आणि सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा प्रकाश येतो. हे काम चाळीसहून जास्त वर्षं सांभाळणारे वास्तुकार गाउदी १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेले आणि त्याच चर्चच्या तळघरात त्यांना पुरलं आहे.

आता बेत. मोठी जहाजं मोल आदोसात या लांबलचक धक्क्यावर लागतात. तिथून बंदराची निळी शटल कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते. वाटेत पोर्ता द’युरोपा हा उघडणारा पूल आहे, बोट जायची असेल तेव्हा तो वर उचलला जातो आणि शटल खाली उभी राहते. हे सकाळी घडलं तर गंमत, परतताना घडलं तर घाम.

पुतळ्यापासून ला रांब्ला सरळ वर प्लासा कातालुन्याला जाते, सव्वा किलोमीटर. चालत जा. शहराच्या अधिकृत बुस तुरिस्तिक बसचे मार्ग तिथं एकमेकांना भेटतात आणि उत्तरेकडचा निळा मार्ग तिथून मिळतो. ही बस पासेच द ग्रासियावरून गाउदींच्या कासा बात्यो या इमारतीसमोरून जाते, मग सग्रादा फामिलिया. चर्चचं तिकीट साडेदहा किंवा अकराचं घ्या. दीड तासाने पुन्हा बस पकडून पार्क ग्वेल, तिथलं तिकीट दीडचं. थांब्यापासून बागेच्या दारापर्यंत चढावर दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. रोज पर्वती चढणाऱ्यांना काही वाटणार नाही, बाकीच्यांनी पाण्याची बाटली धरून हळूहळू जावं.

आणि आता महत्त्वाचं : पार्क ग्वेलनंतर पुन्हा त्याच बसमध्ये बसू नका. निळा मार्ग तिथून आणखी वर, मग पेद्राल्बेस, फुटबॉल स्टेडियम असा मोठा वळसा घालून मध्यभागी येतो. तीन वाजता तो वळसा परवडत नाही. सरळ टॅक्सी करा. ‘बसचं तिकीट आहे ना, मग टॅक्सीला पैसे कशाला?’ हा प्रश्न आम्हाला दर मोसमात येतो. बसचं तिकीट तोवर वसूल झालेलं असतं, टॅक्सीचे पैसे जहाज पकडण्याचे आहेत.

आधी पूर्ण फेरी मारून घ्यावी आणि मग ठरवावं, असं म्हणतात. खरं का?

मुक्कामाला असाल तर उत्तम सल्ला. बंदरावरच्या दिवसात नको. याला अपवाद एकच : ज्यांना चालणं जमत नाही आणि फक्त शहर नजरेखालून घालायचं आहे. त्यांनी वर चांगली जागा धरून एक पूर्ण फेरी मारावी, मध्ये एकदा कॉफीला उतरावं आणि जहाजावर परत जाऊन दुपारची झोप काढावी. हा बेत कमी दर्जाचा नाही. आमचे काही ज्येष्ठ प्रवासी प्रत्येक बंदरात हेच करतात आणि सगळ्यात ताजेतवाने तेच परततात.

तिकीट कुठून घ्यावं? जहाजावर, ऑनलाइन की थांब्यावर?

जहाजावर महाग, पण जहाज त्या बंदरात गेलंच नाही तर पैसे परत मिळतात. ऑनलाइन बहुधा स्वस्त, पण रद्द करण्याची अट वाचा. ठरलेल्या तारखेचं तिकीट आणि विशिष्ट मुदतीत कधीही वापरता येणारं तिकीट, यात फरक असतो. दुसरं घ्या. थांब्यावर घेतलं तर जोखीम काही नाही, फक्त रांग. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते आधी इंटरनेटवर दिसतं. चार-पाच मोठी जहाजं असतील तर थांब्यावरची रांग अर्ध्या-पाऊण तासाची होऊ शकते.

युरोपातल्या मोठ्या शहरांत मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट साधारण २५ ते ४० युरोंच्या दरम्यान पडतं. ४८ तासांचं तिकीट ‘थोडेच जास्त पैसे’ म्हणून गळ्यात मारतात. तुम्ही रात्री समुद्रात असणार आहात, ते घेऊन काय करणार?

एक गोष्ट सांभाळा. एकाच शहरात दोन-तीन कंपन्यांच्या बस असतात आणि लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. तिकीट घेताना बसचा रंग, नाव आणि मार्गाचा रंग तिन्ही बघा, आणि शेवटची बस किती वाजता आहे ते विक्रेत्याकडून तिकिटावरच लिहून घ्या.

या तिकिटात प्रवेश फी धरलेली असते का?

नाही. बस म्हणजे बस. आत जायचं तिकीट वेगळं.

आईंचे गुडघे दुखतात. वरच्या मजल्यावर जाता येईल का?

जिना अरुंद आणि वळणाचा असतो, आणि बस चालू असताना चढायचं-उतरायचं नाही. गुडघे दुखत असतील तर खालीच बसवा, खिडकीशी. खालून दिसतं कमी, पण चढउताराचा त्रास वाचतो आणि उन्हातही भाजायला होत नाही. बऱ्याच शहरांत व्हीलचेअरसाठी रॅम्प आणि जागा असते, पण सहसा एकाच खुर्चीपुरती. ती भरलेली असेल तर पुढच्या बसची वाट बघावी लागते.

वर बसणार असाल तर टोपीला नाडी हवी. झाडांच्या फांद्या डोक्यावरून जातात, उभं राहून फोटो काढू नका. सिंगापूरला दुपारी पाऊस कधी येईल सांगता येत नाही, पातळ रेनकोट पिशवीत असू द्या. छत्री वरच्या मजल्यावर उघडलीत तर मागचा माणूस काय म्हणेल, हे कुठल्याही भाषेत कळतं.

माहिती कुठल्या भाषेत असते?

इअरफोन देतात, जागेशेजारी भोक असतं, भाषेचे नंबर असतात. इंग्रजी सगळीकडे, हिंदी काही शहरांत. मराठी आम्हाला अजून भेटलेली नाही. स्वतःचा वायरचा इअरफोन नेला तर उत्तम, पुरवलेला बराच पातळ असतो. मध्येमध्ये माहिती थांबून गाणी लागतात, यंत्र बिघडलेलं नसतं.

पासपोर्ट बरोबर न्यायचा का?

बंदराप्रमाणे नियम बदलतो, आदल्या रात्रीच्या पत्रकात तो लिहिलेला असतो. काही जहाजांवर भारतीयांचे पासपोर्ट रिसेप्शनवर जमा करून घेतात, मग प्रश्नच मिटला. न्यायला सांगितलं नसेल तर केबिनच्या तिजोरीत ठेवा, आणि पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स जवळ बाळगा. जहाजाचं कार्ड मात्र हवंच. तेच दाखवून परत चढता येतं. ते गळ्यात लटकवून गावभर फिरू नका, आतल्या खिशात ठेवा.

शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा मिळाला आहे. चालेल का?

सगळी बंदरं शेंगेनमधली, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली, असतील तर चालतो. मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशियासारखं बंदर असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर जाऊन पुन्हा आत येता, त्यासाठी मल्टिपल एंट्री लागते. अर्ज भरतानाच क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा.

बरोबर खायला काय न्यावं?

जहाजाच्या बुफेमधून सँडविच, फळं भरून नेणं बऱ्याच ठिकाणी मना आहे. ताजी फळं, दूध-दह्याचे आणि मांसाचे पदार्थ किनाऱ्यावर न्यायला अनेक देश परवानगी देत नाहीत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड तर फारच कडक. सीलबंद बाकरवडीचं पाकीट, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू यांना युरोपात सहसा कोणी विचारत नाही. पण बसमध्ये डबा उघडू नका, बहुतेक बसमध्ये खायला मनाई असते.

पाण्याची बाटली रिकामी न्या. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर नाझोनी नावाचे नळ आहेत, पाणी थंड आणि पिण्याजोगं. तिथं दोन युरोची बाटली घेणारे पुणेकर बघून आश्चर्य वाटतं.

आणि टॉयलेट?

बसमध्ये नसतं. जहाजावरून जाऊनच उतरा. नंतर तिकीट काढून जिथं आत जाणार असाल तिथलं वापरा. युरोपात सार्वजनिक ठिकाणी एक युरोपर्यंत पैसे लागतात, सुटी नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा. नाहीतर एक कॉफी घ्या आणि कॅफेतलं वापरा.

मोबाइलचं काय?

जहाजावर असताना विमान मोड चालू ठेवा. समुद्रात फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही आणि बिल बघून घाम फुटतो. किनाऱ्यावर उतरल्यावर विमान मोड काढा. शहराचा नकाशा मात्र आदल्या दिवशी वाय-फायवर उतरवून घ्या.

रविवार-सोमवारी काही अडचण?

बस चालू असतात, बघायची ठिकाणं बंद असू शकतात. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. रविवारी मॅरेथॉन, सायकल शर्यती यांमुळे बसचा मार्ग वळवलेला असू शकतो, थांब्यावर पिवळा कागद चिकटवलेला असेल तर वाचा.

पाकीटमारांची भीती आहे का?

आहे. बार्सिलोनाची ला रांब्ला आणि रोमची गर्दीची मेट्रो यासाठी प्रसिद्ध आहेत. बसमध्ये चढताना दाराशी गर्दी होते तीही जागा त्यांच्या आवडीची. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. मोबाइल मागच्या खिशात ठेवायची पुण्यातली सवय तिथं उतरवून ठेवा. कपड्यावर काहीतरी सांडलं म्हणून मदतीला धावणाऱ्या माणसाला हात जोडून पुढं चला.

आम्ही बाराजण आहोत. सगळे एकत्र राहू शकू?

एका बसमध्ये बाराजणांना वर जागा मिळणं कठीण. तीन-चारचे गट करा, प्रत्येक गटात एक चालू फोन आणि एक असा माणूस ज्याला परतीची वेळ पाठ आहे. भेटायची जागा एकच ठेवा, आणि ‘बसथांब्यापाशी’ असं मोघम नको. बार्सिलोनात कोलंबसचा पुतळा, नेपल्समध्ये किल्ल्याचं दार. तिथं कोणी ठरलेल्या वेळी आलं नाही तर बाकीच्यांनी पंधरा मिनिटं थांबून जहाजावर जायचं, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा. नंतर ठरवायला गेलात की भाऊजींना सोडून कसं जायचं, यावर अर्धा तास जातो.

बंदरच रद्द झालं तर?

वारा जास्त असला तर होतं. कप्तानाचा निर्णय अंतिम. बंदराचे कर परत मिळतात, क्रूझच्या पैशातून सहसा काही नाही.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझमध्ये अशी बस मिळते का?

त्या आशेवर जाऊ नका. कोचीला धक्का वेलिंग्डन बेटावर आहे. फोर्ट कोची आणि मट्टांचेरी बघायला टॅक्सी नाहीतर रिक्षा पुरते, तीन-चार तासांत आरामात होतं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, ओल्ड गोव्याची चर्च तिथून तासाभरावर. चौघांत एक गाडी ठरवा, आणि परतीची वेळ ड्रायव्हरला कोकणी-मराठीत दोनदा सांगा.

चार वाजायला आले, थांब्यावर उभे आहोत आणि बस येत नाही. किती वेळ वाट बघायची?

एक बस चुकेपर्यंत. वेळापत्रकाप्रमाणे यायला हवी होती ती आली नाही की थांबा सोडा आणि टॅक्सीला हात करा. संध्याकाळी सगळ्या जहाजांचे लोक एकाच वेळी परत निघतात, आलेली बसही भरलेली असण्याची शक्यता जास्त. ड्रायव्हरला नुसतं ‘पोर्ट’ म्हणू नका. सकाळी बाहेर पडताना टर्मिनलच्या पाटीचा फोटो काढला असेल तो दाखवा. बार्सिलोनात काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ‘मोल आदोसात’ आणि टर्मिनलचं अक्षर, दोन्ही सांगावं लागतं, कारण तिथं एकाच धक्क्यावर ओळीने बरीच टर्मिनलं आहेत आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर बरंच चालावं लागतं. मीटरवर बंदराचा वेगळा अधिभार दिसेल, तो नियमाप्रमाणेच असतो, त्यावरून हुज्जत घालू नका. टॅक्सीसाठी पन्नास युरोची एक नोट सकाळपासून वेगळी काढून ठेवा आणि काहीही झालं तरी मॅग्नेट आणि टी-शर्टच्या दुकानात ती मोडू नका.